लसूणघासाचा मुरघास सडतो, मग त्यात घालायचं काय?

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही सांगोला तालुक्यात राहतो. दावणीला पाच संकरित गाई आणि एक पंढरपुरी म्हैस आहे. वीस गुंठे नेपियर, पंधरा गुंठे लसूणघास. टेंभू सिंचन योजनेचं पाणी असतं तेव्हा दोन्ही भरपूर, पण मे महिन्यात वैरण विकत घ्यावी लागते. म्हणून गेल्या फेब्रुवारीत दोन्हींची कुट्टी एकत्र करून पन्नास किलोच्या पिशव्यांत मुरघास (हवाबंद करून आंबवलेली वैरण) भरला. सकाळी लवकर कापून लगेच कुट्टी केली. टनाला एक किलो युरिया, दोन किलो गूळ, एक किलो मीठ, एक किलो मिनरल मिक्श्चर आणि एक लिटर ताक, सगळं मोजून घातलं. चाळीस दिवसांनी पिशवी उघडली तर आत हिरवट-काळा चिकट लगदा, आणि वास असा की साबणाने धुतला तरी हाताचा जाईना. गाईंनी तोंडसुद्धा लावलं नाही. याच पद्धतीने माझ्या जावेच्या माहेरी मक्याचा मुरघास दरवर्षी उत्तम होतो. आता दुकानदार म्हणतो कल्चरचं पाकीट घाला. मुलाने परदेशातला व्हिडिओ दाखवला, तिथे गवत आणि क्लोव्हरवर (तिकडचा द्विदल चारा) ॲसिड मारतात. दीर म्हणतात युरिया कमी पडला, वाढवा. नक्की काय घालू? आणि जुन्या काही पिशव्या न उघडता पडून आहेत, त्या जनावरांना चालतील का?

— एक वाचक, ता. सांगोला

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ जावेच्या माहेरच्या मक्याची आहे. तेच प्रमाण, तशाच पिशव्या, तिकडे मुरघास होतो आणि तुमच्याकडे सडतो. म्हणजे फरक वरून घातलेल्या वस्तूंत नाही, वैरणीत आहे. युरिया, गूळ, मीठ, मिनरल मिक्श्चर, ताक हे पंचकडी प्रमाण आपल्याकडे तालुक्या-तालुक्यांत फिरतंय. ते मक्यासोबत फिरतं, आणि मका असा गडी आहे की त्याला यातलं काहीच घातलं नाही तरी त्याचा मुरघास होतो. दाणा चिकात असताना कापलेल्या मक्यात पाणी बेताचं असतं आणि साखर मुबलक. दाबून भरला, हवा बंद केली, की काम झालं. श्रेय मात्र गुळाला आणि ताकाला मिळतं.

मुरघास होतो म्हणजे काय होतं, ते आधी थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पानांवर काही जीवाणू असतातच. हवा बंद झाली की त्यातले लॅक्टिक आम्ल बनवणारे जीवाणू वैरणीतली विरघळणारी साखर खातात आणि तिचं आम्ल करतात. सामू (पीएच, आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) खाली येतो, चारच्या आसपास पोहोचतो, आणि मग आत कुणालाच काही करता येत नाही. वैरण तशीच टिकते. सामू लवकर खाली आला नाही तर क्लॉस्ट्रिडियम नावाचे दुसरे जीवाणू डोकं वर काढतात. त्यांना ओल आवडते आणि आम्ल सोसत नाही. ते तयार झालेलं लॅक्टिक आम्ल खाऊन ब्युटिरिक आम्ल करतात, प्रथिनं फोडून अमोनिया करतात. तुम्ही लिहिलेला तो हाताला चिकटणारा वास ब्युटिरिक आम्लाचा आहे. पांढरी-हिरवी बुरशी दिसली असती तर पिशवीत हवा शिरली असं मी म्हटलं असतं. तुमच्याकडे बुरशी नाही, लगदा आहे. पिशवी तुम्ही नीट बांधली होती, आतली वैरण फार ओली होती आणि तिच्यात साखर नव्हती.

आता लसूणघासाचा हिशेब मांडू. फुलं यायला लागलेल्या लसूणघासात शंभर किलोला साधारण ऐंशी किलो पाणी आणि वीस किलो कोरडा भाग असतो. त्या कोरड्या भागात प्रथिनं १८ ते २२ टक्के, पण विरघळणारी साखर पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एक टन ओल्या लसूणघासात कोरडा भाग २०० किलो आणि साखर जेमतेम १० किलो. मुरघास बिनघोर व्हायला ओल्या वजनाच्या अडीच-तीन टक्के, म्हणजे टनाला २५ ते ३० किलो साखर हवी. तूट पंधरा-वीस किलोची. तुम्ही गूळ घातला दोन किलो.

दुसरी अडचण अशी की लसूणघास आम्लाला दाद देत नाही. त्यातली प्रथिनं, कॅल्शियम आणि सेंद्रिय क्षार आम्ल तयार झालं की ते शोषून घेतात, त्यामुळे सामू खाली आणायला मक्यापेक्षा कितीतरी जास्त आम्ल लागतं. म्हणजे साखर कमी आणि गरज जास्त. द्विदल वैरण खायला जितकी चांगली तितकीच मुरवायला हट्टी, ती यामुळे. नेपियरची कथा थोडी वेगळी आहे. ते आम्लाला एवढं अडवत नाही, पण पंचेचाळीस-पन्नास दिवसांच्या नेपियरमध्ये पाणी लसूणघासाइतकं किंवा त्याहून जास्त असतं आणि साखर तिथेही बेताचीच. दोन ओल्या, साखर नसलेल्या वैरणी तुम्ही दवासकट एकत्र भरल्या.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं पहिलं उत्तर असं की काहीही घालण्याआधी वैरणीतलं पाणी काढा. थंड आणि पावसाळी मुलखातले शेतकरी ज्या एका गोष्टीसाठी तरसतात ती आपल्या सोलापूर जिल्ह्यात फुकट आहे: ऊन. दव उडाल्यावर, नऊ-दहाच्या सुमाराला कापा. जमिनीपासून तीन बोटं वर कापा, म्हणजे माती येत नाही. क्लॉस्ट्रिडियमची बीजं मातीत आणि शेणातच असतात, त्यामुळे गोठ्याचं पाणी किंवा स्लरी सोडलेल्या वाफ्यातला घास मुरघासाला घेऊ नका, तो तसाच हिरवा खाऊ घाला. कापलेला घास पातळ पसरा, एकदा उलथा. किती तास, ते मी सांगणार नाही, कारण फेब्रुवारीचं ऊन आणि एप्रिलचं ऊन यांत फार अंतर आहे. एप्रिलमध्ये दुपारी विसरलात तर पानं कुरकुरीत होऊन गळतील, आणि लसूणघासाची प्रथिनं बहुतेक पानांतच असतात.

तासांऐवजी वजन बघा. कापल्याबरोबर दहा किलोची एक पेंढी मोजून वेगळी बांधा आणि बाकीच्या घासाबरोबरच पसरून ठेवा. त्या दहा किलोत दोन किलो कोरडा भाग आहे. पेंढी सहा किलोवर आली की दोनाला सहा, म्हणजे कोरडा भाग तेहतीस टक्के झाला. तिथे थांबा आणि कुट्टीला घ्या. काटा नसेल तर कुट्टी मुठीत घट्ट दाबा, तीसपर्यंत मोजा आणि मूठ सोडा. पाणी ठिबकलं तर अजून ओलं आहे. गोळा तसाच राहिला आणि तळहात ओला झाला तर जरा थांबा. गोळा हळूहळू सुटत गेला आणि हात फक्त दमट झाला तर नेमकी वेळ आहे. झटकन विस्कटला तर जास्त सुकलं, मग ते दाबून बसत नाही आणि आत हवा राहते.

नेपियरचं कांड जाड, ते लवकर सुकत नाही. तिथे कडब्याची कुट्टी कामाला येते. मालदांडीचा कडबा आपल्याकडे विकत घ्यायचा म्हटलं तरी मिळतो. शंभर किलो ओल्या वैरणीत वीस किलो कडब्याची कुट्टी मिसळली की एकूण कोरडा भाग तीस टक्क्यांच्या वर जातो. कडब्यात साखर नसते आणि प्रथिनंही नावापुरतीच, त्यामुळे हा उपाय फक्त ओल शोषण्याचा आहे, हे ध्यानात ठेवा. काही जण यासाठी मक्याचा भरडा घालतात. ओल तोही शोषतो आणि खुराकाची ताकदही वाढवतो, पण त्यात असतो तो स्टार्च. मुरघासातले जीवाणू स्टार्च थेट वापरू शकत नाहीत, त्यांना साखरच लागते. भरडा घातला म्हणजे गुळाची गरज संपली असं समजू नका.

आता गूळ. सुकवल्यावर हिशेब बदलतो. तेहतीस टक्क्यांवर आलेल्या एक टन घासात साखर सोळा-सतरा किलो असते, कारण पाणी गेलं आणि साखर राहिली. तूट दहा-बारा किलोची उरते. गुळात ऐंशी टक्क्यांच्या आसपास साखर धरली तर टनाला पंधरा किलो गूळ पुरतो, म्हणजे पन्नास किलोच्या पिशवीला पाऊण किलो. मळी (मोलॅसिस) घेतलीत तर तिच्यात साखर निम्म्याच्या आसपास असते, म्हणून टनाला पंचवीस ते तीस किलो. न सुकवता भरायचं तर पंचवीस किलो गूळ किंवा चाळीस किलो मळी लागेल, आणि एवढं करूनही पिशवीच्या तळाला पाणी साचून त्यात बरीच साखर उतरेल. गुळाचे पैसे वाचवायचे असतील तर त्याचा रस्ता उन्हातून जातो.

साखर कारखान्यांचा जिल्हा म्हणून तुम्ही कॅन घेऊन मळी आणायला निघाल, तर थांबा. मळीपासून दारू बनते, त्यामुळे तिच्या विक्रीवर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं आणि कारखान्याच्या दारात ती सुटी मिळत नाही. पशुखाद्याच्या दुकानात मिळाली तर घ्या, नाहीतर पावसाळ्यात पाघळलेला, माणसांच्या खाण्यातून गेलेला गूळ स्वस्तात विकतात, तो यासाठी झकास आहे. बुरशी धरलेला मात्र नको. पंधरा किलो गूळ दहा-बारा लिटर कोमट पाण्यात विरघळवा, जास्त पाण्यात नको, नाहीतर उन्हाने काढलेलं पाणी तुम्हीच परत घालाल. झारीने थराथरावर शिंपडा. फवारणी पंप वापरायचा तर तणनाशकाचा पंप धुऊन घेतला असं चालणार नाही, वेगळाच घ्या.

कल्चरच्या पाकिटाबद्दल. दुकानदार खोटं बोलत नाही, अर्धं बोलतोय. लॅक्टोबॅसिलस प्लांटारमसारखे निवडक जीवाणू घातले तर सामू लवकर खाली येतो, प्रथिनं कमी फुटतात आणि नासाडी घटते. द्विदल वैरणीत त्यांचा उपयोग मक्यापेक्षा जास्त दिसतो. पण जीवाणू साखर तयार करत नाहीत, खातात. गेल्या वर्षीच्या त्या ओल्या लगद्यात पाकीट ओतलं असतं तर आचारी बोलावला आणि शिधाच दिला नाही, अशी गत झाली असती. घास सुकवला, गूळ घातला, आणि त्यावर कल्चर, या क्रमानेच त्याचे पैसे वसूल होतात.

घेताना पाकिटावर तीन गोष्टी वाचा: जीवाणूचं नाव, जिवंत जीवाणूंची संख्या आणि मुदत. चालणारं प्रमाण म्हणजे वैरणीच्या दर ग्रॅमला निदान एक लाख जिवंत जीवाणू. टनात दहा लाख ग्रॅम असतात, म्हणजे टनाला दहा हजार कोटी. पाकिटावर एका ग्रॅमला शंभर कोटी लिहिलं असेल तर टनाला शंभर ग्रॅम पावडर लागेल. हा गुणाकार दुकानातच करा. ‘मुरघास कल्चर’ एवढंच नाव आणि आकडा नाही, असं पाकीट परत द्या. ते उन्हात मांडलेल्या काचेच्या कपाटातून काढून दिलं तर तेही नको, आपल्या मे महिन्यात त्या कपाटात जिवंत काही राहत नाही. नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात ते कालवू नका, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घ्या. गरम गुळाच्या पाण्यात तर नकोच, वेगळ्या झारीतून द्या. कालवलेलं त्याच दिवशी संपवा.

महागडं पाकीट दाखवताना ‘बुकनेरी’ हे नाव तुम्हाला ऐकू येईल. लॅक्टोबॅसिलस बुकनेरी हा जीवाणू थोडं ॲसेटिक आम्ल करतो, त्यामुळे उघडलेला मुरघास हवेत लवकर तापत नाही आणि बुरशी उशिरा येते. मोठा खड्डा किंवा बंकर असेल आणि तो महिनाभर उघडा राहणार असेल तर ते पैसे योग्य. तुमची सहा जनावरं, प्रत्येकी दहा किलो धरले तर दिवसाला साठ किलो, म्हणजे पन्नास किलोची पिशवी सकाळी उघडली तर संध्याकाळपर्यंत संपते. तुम्हाला त्याची गरज नाही. प्रोपिऑनिक आम्लाचंही तेच, त्याचं काम बुरशी रोखण्याचं आणि तुमची ती अडचणच नाही. एन्झाइम मिसळलेली पाकिटंही येतात, त्यांच्यासाठी जादा पैसे मोजावेत असं मला तुमच्या बाबतीत वाटत नाही.

मुलाने दाखवलेल्या व्हिडिओत काही चूक नाही. ॲसिडची ती पद्धत मूळची फिनलंडची. तिथले रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी इल्मारी विर्टानेन यांनी ओल्या गवत-क्लोव्हरवर खनिज आम्लं टाकून सामू एकदम चारच्या खाली आणायची युक्ती काढली, म्हणजे जीवाणूंची वाट बघायलाच नको. १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं त्यात या चारा टिकवण्याच्या पद्धतीचा उल्लेख आहे. चाऱ्यासाठी नोबेल, हे मुलाला जरूर सांगा. आता तिकडे त्या तीव्र आम्लांच्या जागी फॉर्मिक आम्ल असतं, टनाला तीन ते पाच लिटर, आणि ते कापणी यंत्रावरच्या बंद नळीतून जातं.

तिकडे ते का लागतं, ते पाहा. उन्हाळा छोटा, हवा दमट, कापलेलं गवत सुकायच्या आत पाऊस. ऊन विकत मिळत नाही म्हणून ते ॲसिड विकत घेतात. त्यांची वैरणही आपल्यासारखी नाही. थंड मुलखातलं गवत जादा साखर फ्रक्टन या रूपात साठवतं आणि ती जीवाणूंच्या कामी येते. आपलं नेपियर उष्ण मुलखातलं, ते स्टार्च साठवतं, जो मुरघासाच्या उपयोगाचा नाही. तिकडच्या लाल क्लोव्हरमध्ये एक एन्झाइम असतं, त्यामुळे पिशवीत त्याची प्रथिनं कमी फुटतात. लसूणघासात ते नाही. आपला बरसीम क्लोव्हरच्याच जातीतला, पण तो लसूणघासाहूनही पाणचट असतो, तेव्हा पुढेमागे बरसीम लावलात तर सुकवणीचं वर लिहिलेलं दुपटीने लागू. एकूण काय, तिकडचं प्रमाण जसंच्या तसं सांगोल्यात उतरत नाही.

शिवाय फॉर्मिक आम्ल कातडी जाळतं, त्याच्या वाफेने डोळे आणि छाती जळते. रबरी हातमोजे, चष्मा, बूट नसताना, साडीवर आणि पायात चप्पल घालून, पिशव्या तुडवत असताना ते झारीने शिंपडायचं, हे चित्र मला डोळ्यासमोर आणवत नाही. कुठून तरी कमी दर्जाचं औद्योगिक आम्ल मिळवून घालण्याचा विचार तर घरात कुणाच्या मनातही येऊ देऊ नका. सप्टेंबरात सलग पाऊस लागून घास सुकवताच आला नाही तर? तेव्हा कडबा आणि जादा गूळ वापरा, किंवा त्या आठवड्यात मुरघास करूच नका, घास हिरवा घाला.

दिरांच्या युरियाला मात्र स्पष्ट नाही. युरिया घालतात तो प्रथिनं कमी असलेल्या वैरणीत, मका किंवा उसाच्या वाढ्यात. लसूणघासात प्रथिनं आधीच भरपूर आहेत. युरियाचा पिशवीत अमोनिया होतो, आणि अमोनिया आम्लाला मारतो. सामू खाली यायला हवा तिथे तो वर ओढला जातो. गेल्या वर्षी टनाला एक किलो घातला म्हणूनच मुरघास सडला असं मी म्हणणार नाही, तेवढ्याने एवढं होत नाही. पण ओझं चुकीच्या पारड्यात पडलं, आणि वाढवलंत तर आणखी पडेल. सुक्या कडब्यावर शंभर किलोला चार किलो युरियाचं पाणी शिंपडून तीन आठवडे झाकून ठेवतात ती प्रक्रिया वेगळी, तिचं तत्त्वच उलटं आहे. दिरांच्या डोक्यात ती असावी.

मिनरल मिक्श्चर पिशवीत नको. त्यातला चुना आम्ल खातो, थोडं का होईना. तेच मिक्श्चर रोज गव्हाणीत घाला, पैसे तेवढेच आणि माप नक्की. मीठ चवीपुरतं घालायचं तर घाला, किलोभर मीठ टनभर वैरण टिकवत नाही. ताकातले जीवाणू दुधातल्या साखरेवर वाढलेले, ते पिकाच्या रसात तग धरतील याचा भरवसा नाही. कल्चर घेणार असाल तर ताक घरच्यांना प्यायला ठेवा.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सांगतो. लसूणघास दर पंचवीस-तीस दिवसांनी कापायला येतो, पाणी आहे तोवर तो हिरवाच खाऊ घालणं सगळ्यात फायद्याचं. मुरघासासाठी दहा-पंधरा गुंठ्यांत मका किंवा चाऱ्याची ज्वारी घेता आली तर तुमचा अर्धा त्रास जाईल. आणि लसूणघास उरतोच म्हणत असाल तर तो एकटा भरू नका. दोन भाग चिकातल्या मक्याची कुट्टी आणि एक भाग सुकवलेला लसूणघास मिसळला, की मक्याची साखर दोघांना पुरते आणि घासाची प्रथिनं दोघांना मिळतात. त्यात गूळ नाही, कल्चर नाही, काही नाही. या जिल्ह्यातल्या छोट्या गोठ्याला मी हाच मुरघास पहिल्यांदा सुचवतो. ज्वारी घेतलीत तर कोवळी कापू नका, फुलोऱ्यानंतर कापा, पोंग्यातल्या ज्वारीत विषार असतो.

यंदा मका नाही, नेपियर आणि लसूणघासच आहे, तर दोन भाग नेपियर, एक भाग घास, दोन्ही सुकवलेलं, कुट्टी एक-दोन सेंटिमीटरची. पिशव्या एकाच दिवसात भरा, थराथराने पायाने दाबा, कोपरे विसरू नका, हवा काढून तोंड दोनदा पिळून बांधा. शेडमध्ये ठेवा, उघड्यावर ऊन आणि कावळे दोन्ही पिशवी फोडतात. उंदरांचा बंदोबस्त करा. सगळ्या पिशव्या एकसारख्या भरू नका. काही नुसत्या सुकवलेल्या, काही सुकवून गूळ घातलेल्या, काहींत गूळ आणि कल्चर दोन्ही, आणि प्रत्येकीवर मार्करने खूण करा. पंचेचाळीस दिवसांनी तिन्हींतली एकेक उघडा. सामू मोजायची कागदी पट्टी स्वस्तात मिळते. सुकवलेल्या द्विदल वैरणीत साडेचारपर्यंत आला तरी चालतो, पाचाच्या वर असेल तर ती पिशवी नापास. रंग पिवळसर हिरवा, वास आंबूस-गोडसर हवा. गुळाची पिशवी आणि कल्चरची पिशवी सारखीच निघाली, तर पुढच्या वर्षी पाकीट विकत घेऊ नका, दुकानदार काहीही म्हणो.

खाऊ घालताना पहिल्या दिवशी जनावराला दोन किलो, मग आठवड्याभरात वाढवत दहा किलोपर्यंत न्या. धार काढून झाल्यावर घाला, आधी नको, दुधाला वास लागतो.

आता त्या उरलेल्या पिशव्या. त्याच दिवशी, त्याच वैरणीच्या भरलेल्या असतील तर आतही तेच असणार, पण एकेक उघडून बघा. लगदा आणि तोच वास आला तर भुकेच्या दिवसांतही घालू नका. सामू खाली न आलेल्या मुरघासात लिस्टेरियासारखे जंतू वाढतात, त्याने गाभण गाय गाभडू शकते, आणि ब्युटिरिक आम्लाने ताज्या व्यालेल्या गाईला किटोसिसचा (रक्तात किटोन वाढण्याच्या आजाराचा) धोका वाढतो. एखादी पिशवी चांगली निघाली तरी गाभण जनावराला ती देऊ नका. बाकीचं सगळं उकिरड्यात, शेणाच्या आणि पाचटाच्या थरात गाडा, लसूणघासाच्या वाफ्यापासून लांब, आणि ते पूर्ण कुजल्यावर डाळिंबाला किंवा दुसऱ्या पिकाला घाला. पिशव्यांचं प्लास्टिक आतून धुऊन उन्हात वाळवा. कुठे छिद्र असेल तर ती पिशवी मुरघासाला परत वापरू नका, पेंड ठेवायला चालेल.